चार खोट्या तारखा, दोन पिशव्या रक्त

ही माझ्या मुलीची, रूपालीची बारावीची जुनी वही. पुढची पानं तिच्या अक्षरात आहेत, मागची कोरी होती. कोऱ्या पानांवर मी लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या वाडीत शाळाच तेवढी होती. वाचायची सवय मात्र राहिली, कारण ज्या घरी मी पोळ्या करते तिथला कालचा पेपर मला मिळतो. लिहायची सवय नाही. पण बोलणं मला त्याहून अवघड जातं. चार माणसांत माझा आवाज निघत नाही.

मला हार्ट अटॅक आला त्याला आता आठ महिने झाले. कुणी बाई अशीच खाटेवर पडलेली असेल आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या तोंडातून निघत नसेल, तर तिच्या हाती ही पानं लागोत. नाही लागली तरी चालेल.

सोमवार

आम्ही नाशिकला, अंबडमध्ये राहतो. आमचे हे तिथल्याच एका कंपनीत लेथवर आहेत. मी इंदिरानगरला तीन घरी स्वयंपाकाला जाते. पहिलं घर काकूंचं. काकू सत्तरीच्या आहेत, एकट्या राहतात. त्यांची कंबर धरते म्हणून देवाच्या नैवेद्यासकट सगळा स्वयंपाक माझ्याकडे.

त्या सोमवारी कणीक मळताना जबडा दुखायला लागला. दाढ दुखते तसा नाही. खालचा सगळा जबडा कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यासारखा. मग दोन्ही खांद्यांच्या मधे पाठ जड झाली. पंखा चालू असून घाम आला. मला वाटलं पित्त. छातीत कळ आली नाही, हात छातीवर गेला नाही. बायकांना पुष्कळदा असंच होतं, हे मला नंतर कळलं.

काकूंच्या सहा पोळ्या असतात. त्या मी पुऱ्या केल्या. गॅस बंद केला, ओटा पुसला आणि मग भिंतीला टेकून फरशीवर बसले.

काकू देवघरातून बाहेर आल्या. "लता, खाली काय बसलीस? आणि अशी पांढरी का पडलीस?"

"काही नाही काकू. पित्त झालंय."

"पित्ताला एवढा घाम? हात बघू." त्यांनी हात धरला तो सोडलाच नाही. "गार पडलीस की गं. चप्पल घाल."

"नैवेद्य राहिलाय…"

"देव थांबेल. तू चप्पल घाल."

त्यांच्याच इमारतीत खाली एक डॉक्टर बसतात. त्यांनी छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली, एक गोळी चावायला दिली आणि काकूंशी हळू आवाजात बोलले. काकूंनी मला रिक्षात घातलं. द्वारका चौकात नेहमीसारखं सगळं तुंबलेलं होतं.

"हॉर्न वाजव रे," काकू रिक्षावाल्याला म्हणाल्या.

"आजी, वाजवून काय उपयोग? समोर ट्रक आहे."

"मग मी उतरून ढकलू का त्याला?"

त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि कडेने, दुकानांच्या पायऱ्यांना घासून रिक्षा काढली. मी एका दुकानाची पाटी वाचत होते. 'पाईप, नळ व फिटिंग.' तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत होते. मरणाचा विचार आला नाही. रूपालीचा आला नाही. कसलाच आला नाही. माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतं म्हणतात. मी पाईप, नळ व फिटिंग म्हणत होते.

उत्तर दुसऱ्याने दिलं

हॉस्पिटलात मला ढकलगाडीवरून आत नेत होते आणि एक तरुण डॉक्टर बाजूने चालत चालत प्रश्न विचारत होता. काकू दुसऱ्या बाजूने चालत होत्या. गाडीवर घेताना माझ्या चपला काढल्या होत्या, त्या काकूंच्या हातात होत्या. ज्या बाई मला आंघोळीशिवाय पाण्याचा माठ शिवू देत नाहीत, त्यांनी माझ्या चपला हातात धरल्या होत्या. ते मी पाहिलं.

"शुगर आहे?"

"नाही."

"तंबाखू, विडी?"

"नाही."

"पाळी चालू आहे का?"

मी मान हलवली.

"नियमित येते?"

मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "अगदी घड्याळासारखी. महिन्याच्या पाच ते आठ. मला तारखा पाठ आहेत तिच्या."

"आणखी कुठून रक्त जातं का? शौचातून, उलटीतून?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

डॉक्टरने लिहून घेतलं. गाडी एका दारातून आत गेली, काकू बाहेर राहिल्या.

आता त्या तारखांचं लिहिते. काकूंकडे एकच अट होती. अडचणीचे चार दिवस यायचं नाही. कामाला चार दिवस कमी पडले म्हणून त्यांनी कधी कुरकूर केली नाही. माझ्या घरीही तेच. आमच्या ह्यांच्या घराण्याची देवी देव्हाऱ्यात आहे, त्या दिवसांत मी तिकडे जात नाही आणि चुलीला शिवत नाही. लग्न झाल्यापासून असंच चाललं होतं आणि त्यात मला जड काही नव्हतं.

पण दोन वर्षांपासून माझी पाळी बिघडली होती. कधीही यायची, दहा-बारा दिवस जायची नाही. गाठी पडायच्या. दोन-दोन पॅड एकावर एक लावून मी पोळ्या लाटायची. जिना चढले की धाप लागायची. तांदूळ निवडताना कच्चे तांदूळ खावेसे वाटायचे, मूठ-मूठ खायची. शेजारणीला अर्धंमुर्धं सांगितलं तर ती म्हणाली, "जायची वेळ आली की असंच जातं गं. वर्षभर सोस." मी सोसलं.

खरं सांगितलं असतं तर अर्धा महिना काकूंकडे जाता आलं नसतं आणि अर्धा महिना घरात चुलीला शिवता आलं नसतं. म्हणून मी चार तारखा ठरवून टाकल्या. पाच, सहा, सात, आठ. त्या चार दिवसांत काकूंकडे जायचं नाही, घरातल्या देवीला शिवायचं नाही, मग अंगावर असो की नसो. बाकीच्या दिवसांत सगळं करायचं, अंगावर असो की नसो. देवाला त्याचे चार दिवस दिले की झालं, असं मी मनाशी धरून चालले होते. काकूंना ते खरं वाटलं. आणि आता ते हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं गेलं.

मी दुरुस्त करू शकले असते. त्या दारातून आत गेल्यावरही करू शकले असते. केलं नाही.

सहा पॉइंट नऊ

मनगटातून तार घालून त्यांनी हृदयाची बंद नळी उघडली आणि तिथे स्प्रिंग बसवली. मी जागी होते. समोरच्या टीव्हीवर माझंच हृदय दिसत होतं. मला ते माझं वाटलं नाही. छत पांढरं होतं आणि एका कोपऱ्यात पाण्याचा डाग होता, तो मी बघत राहिले.

संध्याकाळी बाकीचे रिपोर्ट आले. मोठे डॉक्टर आणि तो तरुण डॉक्टर माझ्या पायाशी उभे राहून बोलत होते.

"सर, हिमोग्लोबिन सहा पॉइंट नऊ. दोन पिशव्या मागवू?"

"एक."

"पण सर, एवढ्या कमी रक्तात हृदयाला प्राणवायू कसा पुरणार?"

"नाही पुरणार. म्हणूनच एक देतोय. पण नुकताच ठेचकाळलेला बैल आहे, त्याच्यावर दोन पोती एकदम टाकशील का? एक टाक, चालतो का बघ."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. रक्तातून प्राणवायू जातो. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागतं, आणि माझं हृदय पळून पळून थकलं होतं, वर अटॅक आला. म्हणून रक्त द्यायला हवं. पण रक्त म्हणजे टॉनिक नाही. दुखावलेल्या हृदयाला एकदम जास्त दिलं तर ते पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसात पाणी साठतं. कधी ताप येतो, अंगावर गांधी उठतात. म्हणून थोडं, सावकाश आणि लक्ष ठेवून. किती कमी झालं की द्यायचं आणि कुठवर वाढवायचं यावर डॉक्टरांचंही सगळ्यांचं एकमत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते सांगितलं म्हणून मला त्यांचा विश्वास वाटला.

"पण एवढं कमी झालं कसं?" ते म्हणाले. "ताई, रक्त कुठेतरी जातंय. आणि स्प्रिंग बसवल्यावर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू कराव्या लागतात. त्या बंद करता येत नाहीत, नाहीतर स्प्रिंग बुजेल. म्हणजे जिथून जातंय तिथून आणखी जाईल. आठवून सांगा."

आमचे हे माझ्या उशाशी उभे होते. मी छताकडे पाहिलं. "नाही आठवत," म्हणाले.

पहिली पिशवी

मंगळवारी सकाळी पिशवी आली. संमतीच्या कागदावर मी सही केली. मला सही येते, फक्त वेळ लागतो. वाघ आडनावाच्या सिस्टर थांबून राहिल्या. त्याच म्हणाल्या होत्या, "नाव वाघ आहे पण मी कुणाला खात नाही. बिनधास्त हाक मारायची." मी एकदाही मारली नव्हती.

दोन सिस्टर मिळून पिशवीवरचा नंबर आणि माझ्या हातावरच्या पट्टीवरचा नंबर मोठ्याने वाचत होत्या, एकमेकींना उत्तर देत. आमचे हे बघत होते.

"कोणाचं हाय हे रक्त?" त्यांनी विचारलं.

"नाव नसतं काका. गट असतो," वाघ सिस्टर म्हणाल्या.

"तसं नाय. म्हंजे, चांगल्या माणसाचं हाय ना?"

"वाईट माणूस कशाला येईल फुकट रक्त द्यायला?"

त्या पिशवीच्या बदल्यात घरच्या कुणी रक्त दिलं तर बरं, असं सांगितलं होतं. हे सुईला घाबरतात. तरी गेले आणि देऊन आले. आल्यावर मला म्हणाले, "काय नाय गं, मुंगी चावल्यावानी. वर बिस्किटं देत्यात." दिवसभर दंडावरची ती चिकटपट्टी त्यांनी काढली नाही. शर्टाची बाही वर करून बसले होते.

रक्त गार असतं, हे मला माहीत नव्हतं. दंडातून वर गार रेघ चढत गेल्यासारखं वाटलं. पहिला पाव तास सिस्टर शेजारून हलल्या नाहीत. ताप बघ, नाडी बघ, "खाज येते का? दम लागतो का?" चार तासांनी पिशवी चपटी झाली. दुपारी आरशात पाहिलं तर ओठांना थोडा रंग होता. रूपाली म्हणाली, "आई, लिपस्टिक लावल्यासारखी दिसतेस." मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. बुधवारी आकडा सात पॉइंट आठ झाला. त्या पिशवीने माझं भलं केलं, ते नाकारून चालणार नाही.

बुधवारीच मला साध्या वॉर्डात आणलं. आणि बुधवारीच अंगावरून जास्त जायला लागलं.

सफाईच्या मावशींकडे मी पॅड मागितलं. "अडचण आली काय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "नेहमीचीच ना?" मी पुन्हा मान हलवली. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या दिवशी महिन्याची सहा तारीख होती. माझी खोटी तारीख आणि खरं रक्त एकाच दिवशी आलं होतं. मावशींना संशय यायचं कारणच नव्हतं. त्या दिवसापासून मी बाथरूमला जाताना रूपालीला सोबत येऊ दिलं नाही. भिंतीला धरून एकटी जायची आणि सगळं पाण्याने धुऊन टाकायची. ते करताना मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मोरी धुते तशी धूत होते.

दुसरी पिशवी

गुरुवारी सकाळी आकडा पुन्हा सहा पॉइंट आठ. तरुण डॉक्टरने दोनदा कागद वाचला. "भरलेलं गेलं कुठे?" म्हणाला. शौचाची तपासणी करायला दिली. पोटात रक्तस्राव असेल, तोंडातून दुर्बीण घालून बघावं लागेल, असं त्यांचं चाललं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "अटॅक येऊन चार दिवस झालेत. दुर्बिणीचाही त्रास तिच्या हृदयाला होणार. पण पर्याय दिसत नाही. उद्या करू. तोवर एक पिशवी द्या, अगदी सावकाश."

माझ्या पोटात काही नव्हतं. हे मला एकटीला माहीत होतं.

दुसरी पिशवी अर्धी झाली असेल. दुपारचं जेवण वाटायची गाडी वॉर्डात आली होती, वरणाचा वास येत होता. मला खोकला आला. मग श्वास आत जाईना. पाण्यात बुडताना नाकात पाणी जातं तसं, पण पाणी आतूनच येत होतं. मी हाक मारली नाही. रूपाली मोसंबं सोलत होती, तिने वर पाहिलं आणि ती किंचाळली.

वाघ सिस्टर धावत आल्या. पहिल्यांदा त्यांनी पिशवी बंद केली. मग पाठ वर करून मला बसवलं, नाकातोंडावर मास्क लावला. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. "लघवी होईल खूप, होऊ द्या. फुप्फुसातलं पाणी निघायला हवं." अर्ध्या तासाने श्वास मोकळा झाला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच झालं होतं. वेग त्यांनी कमीच ठेवला होता. चूक त्यांची नव्हती. उरलेली अर्धी पिशवी परत नेली. कुणाचं तरी अर्धं रक्त वाया गेलं, एवढं मला वाटलं. स्वतःबद्दल तेव्हाही फारसं काही वाटलं नाही.

थेंब तरंगला

शुक्रवारी सकाळी दुर्बीण ठरली होती. मला काही खायला दिलं नव्हतं. रूपाली कुठूनतरी आली आणि पलंगाच्या कडेला बसली. ती बावीस वर्षांची आहे, अंबडलाच एका कंपनीत पॅकिंगला जाते. उरलेलं मोसंबं ती स्वतःच खायला लागली.

"रक्त द्यायला गेले होते तुझ्यासाठी," ती म्हणाली. "घेतलं नाही त्यांनी."

"का?"

"बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात टाकतात. बुडला तर रक्त चांगलं. माझा थेंब बुडलाच नाही. तरंगत राहिला वर. ती बाई म्हणाली, तुलाच रक्त द्यायची वेळ आहे, तू काय देतेस." ती हसली.

"तुझी पाळी…" मी विचारलं. हे मी माझ्या मुलीला पहिल्यांदाच विचारत होते. "किती दिवस जाते?"

तिने मोसंब्याची बी हातात थुंकली. "तुझ्यासारखंच की. चार दिवस सांगायचे, बाकीचे आपले आपण काढायचे."

"माझं तुला कोणी सांगितलं?"

"आई, एकच बाथरूम आहे आपल्या घरात."

एवढं बोलून ती पाण्याची बाटली भरायला गेली. आपण काही विशेष बोललो असं तिला वाटलंच नव्हतं. ती जिथे बसली होती तिथली चादर मी बघत होते. पाच दिवसांत पहिल्यांदा छातीत काहीतरी झालं, आणि ते अटॅकचं नव्हतं. दोन वर्षं मी समजत होते की मी एकटी सोसते आहे. मी तर शिकवत होते.

वाघ सिस्टर गोळ्या द्यायला आल्या. मी म्हणाले, "सिस्टर." माझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. त्या थांबल्या. पुढचा शब्द निघेना. मी त्यांच्या खिशातल्या पेनकडे बोट केलं. जेवणाच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं. ती चिठ्ठी मला पाठ आहे.

'डॉक्टर साहेब, माझी पाळी घड्याळासारखी नाही. काकूंनी सांगितलेल्या तारखा मीच खोट्या ठरवल्या होत्या. दोन वर्षांपासून महिन्याचे दहा-बारा दिवस अंगावरून जातं. गाठी पडतात. आत्ता पण जातं आहे. बुधवारपासून जास्त. पोटात दुर्बीण घालू नका. माझ्या मुलीचं पण बघा. लता.'

सिस्टरनी वाचलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "अक्षर छान आहे की हो तुमचं," आणि चिठ्ठी घेऊन जवळजवळ पळतच गेल्या.

नंतर

पडदा ओढून बायकांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. साधी गाठ, कॅन्सरची नाही. पातळ करायच्या गोळ्या चालू असताना तिचं ऑपरेशन करता येत नाही आणि गोळ्या थांबवता येत नाहीत. म्हणून त्यांनी आत एक छोटं साधन बसवलं, त्याने रक्त जाणं हळूहळू कमी होतं. लोहाचं सलाईन दिलं. दुर्बीण रद्द झाली. आणखी रक्त लागलं नाही.

मोठे डॉक्टर चिठ्ठी हातात घेऊन आले. "पहिली पिशवी लागलीच असती," ते म्हणाले. "दुसरी कदाचित टळली असती." रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

काकू संध्याकाळी मुगाचं कढण घेऊन आल्या. हे चहाला गेले होते. मी म्हणाले, "काकू, त्या तारखा खोट्या होत्या." बाकीचं त्यांनी एकेक विचारून काढून घेतलं.

"किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं."

"गणपतीत?"

"हो."

"महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला?"

"हो काकू."

त्यांनी डब्याचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "मलाही कळायला हवं होतं. कुणाची पाळी कॅलेंडर बघून येते?" आणि थोड्या वेळाने, "आणि मी मोठ्या ऐटीत डॉक्टरला सांगितलं, घड्याळासारखी." त्यांचा चेहरा लाल झाला होता. माझ्यामुळे की स्वतःमुळे ते मला कळलं नाही. "कढण गार होतंय. पी." मी पिऊन होईपर्यंत थांबल्या आणि डबा घेऊन गेल्या.

तीन महिन्यांनी मी कामावर परत गेले. फक्त काकूंचंच घर ठेवलं आहे. पोळ्या-भाजी मी करते. देवाचा नैवेद्य आता त्या स्वतः करतात, कंबरेला पट्टा बांधून, स्टुलावर बसून. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. चार दिवस येऊ नकोस, हेही आता म्हणत नाहीत. पिठाचा डबा मात्र त्यांनी खालच्या फळीवरून ओट्यावर आणून ठेवला आहे, मला वाकून उचलायला लागू नये म्हणून. काकूंचं आणि माझं सगळं त्या डब्यात आहे असं मला कधी कधी वाटतं.

घरी ह्यांना रूपालीनेच सांगितलं, मला जमलं नाही. हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी देव्हाऱ्यासमोर उभे राहून, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "देवी काय रागावली असती तर तवाच रागावली असती. तू चहा टाक." त्या दिवशी माझ्या अंगावर होतं आणि त्यांना ते माहीत होतं. मी चहा टाकला.

रूपाली लोहाच्या गोळ्या घेते. मागच्या महिन्यात रक्ताचा थेंब पुन्हा तपासायला गेली होती. घरी आल्यावर तिने फक्त हाताने खूण करून दाखवली. बोट वरून खाली. बुडला.

परवा

परवा अटॅकनंतरच्या आठ महिन्यांच्या तपासणीला गेलो. बाहेर बाकांवर पंधरा-वीस माणसं बसली होती, पुरुष जास्त. खिडकीत नवीन सिस्टर होती, तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा. हे माझ्या शेजारी उभे होते.

"गोळ्या वेळेवर?"

"हो."

"कुठून रक्त जातं का?"

मागे कुणीतरी खोकलं. ह्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मी खिडकीच्या गजाला धरलं.

"हो," मी म्हणाले. "पाळीत जातं. आधी बारा दिवस जायचं, आता पाच. गाठी नाहीत."

तिने लिहिलं. वर पाहिलंसुद्धा नाही. जो शब्द न बोलता मी दीड पिशवी रक्त घेतलं, तो लिहायला तिला एवढासाच वेळ लागला.

"तंबाखू?"

"नाही." मी बाजूला सरणार होते. मग थांबले. "मशेरी लावते. सकाळी."

"अगं, ती काय तंबाखू हाय व्हय?" हे म्हणाले.

"मग काय आहे काका?" सिस्टरने विचारलं.

बाकावरची एक बाई तोंडाला पदर लावून हसली, आणि तिचे दात माझ्यासारखेच काळे होते.

"कधीपासून?" सिस्टरने पेन टेकवलं.

"लग्नाच्या आधीपासून," मी म्हणाले. "लिहा."